गव्हाचा एकही कण नाही

२ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. फोन मध्येच कापता येतो. पत्र निदान अर्धं वाचून तरी माणूस ठेवतं.

तुम्ही दोघी गेल्याला आज तीन आठवडे झाले. तू दारात उभी राहून जे बोललीस, ते शेजारच्या घड्याळवाल्यानेही ऐकलं. "माझ्या पोरीला तू गहू चारलास, ताई. चोरून चारलास आणि फोनवर मला खोटं सांगत राहिलीस." भिंगरीचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. ती एकदा तुझ्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे.  आता माझं ऐक.

गव्हाचा एकही कण तिच्या पोटात गेलेला नाही.

तू तिला माझ्याकडे ठेवून कामासाठी परदेशी गेलीस, त्यानंतर सहाच महिन्यांत तिचं पोट बिघडलं. किती दिवस मी साधं पोट बिघडलंय म्हणून काढे देत बसले. मग आतड्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं आणि सिलिअ‍ॅक म्हणून सांगितलं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं होतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती खाल्लेल्यातलं सगळं सत्त्व शोषून घेते. हिच्या आतड्याला गव्हातलं, जवातलं ग्लुटेन सोसत नाही, त्याने ती मखमल झिजून सुती कापडासारखी सपाट झाली आहे. गहू कायमचा बंद केला की मखमल पुन्हा येईल. मी शिवणकाम करणारी बाई. मखमल झिजते म्हणजे काय होतं, हे मला कोणी दोनदा सांगायला नको.

त्याच दिवशी घरातलं पीठ, बिस्किटं, शेवया, सगळं बाहेर काढलं. तवा नवा, चाळणी नवी, लाटणं नवं. माझासुद्धा पाव बंद केला, कारण एकाच ओट्यावर दोन गोष्टी नकोत. गिरणीत आधी गहू दळलेला असतो म्हणून तांदूळ घरीच दळले. सुईत दोरा ओवायचं माझं भिंग घेऊन मी दुकानात पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायचे. दुकानदार मला "आल्या परीक्षक बाई" म्हणायचा. शाळेत मुलांना खेळायला जी रंगीत कणीक देतात तीही गव्हाची, हे मी शोधून काढलं आणि शिक्षिकेला बदलायला लावली. वाढदिवसांना ती आपला डबा घेऊन जायची. आमची एक जुनी गिऱ्हाईक, ब्लाउजच्या फिटिंगला आली होती, तिने पर्समधून बिस्किट काढून भिंगरीपुढे धरलं. मी तोंडात टाचण्या असताना अशी ओरडले की बाईंनी पुन्हा माझ्याकडे कापड टाकलं नाही.

आणि तिचा मोडलेला हात बघून तू म्हणतेस चोरून चारलास.

औषधांचंही तू विचारत होतीस. ती वेळच्या वेळी दिली आहेत. दर फोनला सांगत होते, तेच आताही सांगते.

तिचा हात कसा आहे, एवढं तरी कळव.

तुझी ताई


१९ मार्च

धाकटे,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. त्यात मी जरा तोऱ्यात लिहिलं. राग आला होता. अजून आहे, पण त्याची धार गेली आहे.

घर फार गप्प आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीन दिवसभर चालते, पण मशीनचा आवाज वेगळा आणि घरात कोणीतरी असण्याचा आवाज वेगळा.

तो दिवस तुला कोणी नीट सांगितलाच नाही. तू आलीस तेव्हा सगळे रडण्या-भांडण्यातच होतो. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकाला उभं करायला मी जी लाकडी पायरी ठेवली आहे ना, झग्याची खालची दुमड बघायला, तिची उंची किती, वीतभर. भिंगरी त्यावर उभी राहून शिक्षिकेची नक्कल करत होती. "ओळीत चला, ओळीत!" मी हसत होते. तिने उडी मारली आणि हात टेकला. मी काडी मोडल्यासारखा आवाज ऐकला. मला वाटलं पायरीच मोडली.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. मग विचारलं, "एवढ्याशा पडण्याने? दूध पिते का ही? उन्हात खेळते का? ड जीवनसत्त्व चालू आहे?"

मी म्हणाले, "हो."

दुधाचं तुला सांगायचं राहिलं आहे. आतडं झिजलेलं असताना दूध पचत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते काही आठवडे बंद करायला सांगितलं होतं. नंतर थोडं थोडं करून सुरू करायचं होतं. ते मी केलं नाही. विसरले म्हण. नाहीतर असं म्हण, की तिचं पोट इतक्या दिवसांनी शांत झालं होतं, त्याला पुन्हा हात लावायची मला छाती झाली नाही.

तिच्या पोटाचं मला किती कौतुक होतं, तुला कल्पना नाही. काडीसारखे हातपाय आणि पुढे फुगलेलं पोट घेऊन वर्षभर ती भिंतीला धरून चालायची. गहू बंद केल्यावर दोन महिन्यांत शौचाला बांधून व्हायला लागलं, पोट खाली बसलं, ती हसायला लागली. पाव मागायला लागली. तांदळाच्या पिठाचा आणि बटाट्याच्या स्टार्चचा पाव मी तीनदा केला, तिन्ही वेळा वीट झाली. चौथ्यांदा फुगला. पांढराशुभ्र, कापसासारखा. तिने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सकाळी तोच पाव, डब्यात तोच, संध्याकाळी त्याच पिठाचा केक. पालेभाजी बघितली की नाक मुरडायची. अंड्याचा वास नको, डाळ नको. ज्या पोरीला सगळं जग "हे नको, ते नको" म्हणतंय, तिच्यामागे मी आणखी "हे खाच" म्हणून लागले नाही. तिला पोटभर खाताना बघून मला बरं वाटायचं.

बस. आज एवढंच.

तुझी ताई


९ मे

धाकटे,

तुझं पत्र आलं. 

तू लिहिलंस, तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ग्लुटेन पोटात गेलं की जी खूण रक्तात दिसते, ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. "ताई, तू गहू दिला नव्हतास. दारात उभी राहून मी जे बोलले, त्याची मला लाज वाटते. गहू बंद केल्यापासून दीड वर्ष तू माझ्या पोरीला जपलंस आणि मी असे पांग फेडले. मला माफ कर." हे मी चार वेळा वाचलं.

अगं, मनाला लावून घेऊ नकोस. आई म्हटल्यावर असं होतंच. मी कधीच सोडून दिलं.

पुढचं वाचून मात्र काळजी वाटली. शरीरातलं लोह तळाला, ड जीवनसत्त्व तळाला, उंची दीड वर्षात जेमतेम दोन सेंटिमीटर. गहू बंद आणि औषधं नियमित, तरी असं का, म्हणून डॉक्टरांना शंका की आतड्यात दुसराच काही मोठा आजार आहे. अठ्ठावीस तारखेला भूल देऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालणार. तिथले डॉक्टर हुशार असतील. ते सांगतील तसं कर. घाबरू नकोस.

तिला माझा पापा दे.

तुझी ताई


११ मे

धाकटे,

परवा टाकलेलं पत्र पोचेल तेव्हा फाडून टाक. त्यात मी तुझी माफी घेतली आहे. ती घ्यायचा मला काही अधिकार नव्हता.

हे आधी लिहून काढते आणि मग फोन लावून तुला वाचून दाखवते, कारण नुसतं बोलायला गेले तर माझी गाळण उडेल आणि मी पुन्हा काहीतरी गोड बोलून मोकळी होईन. कागदही जलद टपालाने पाठवते. पुढचं जे आहे ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांग.

लोहाचं औषध मी तिला अडीच महिने दिलं, मग बंद केलं. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची पहिली बाटली संपल्यावर दुसरी आणलीच नाही. कॅल्शियम आणि झिंक तीन आठवडे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी महिनाभर. दूध, दही काहीही पुन्हा सुरू केलं नाही. सहा महिन्यांनी रक्त तपासायला न्यायचं होतं, नेलं नाही. आहार सांगणाऱ्या बाईंची वेळ दोनदा दिली होती, दोन्ही वेळा गेले नाही. दीड वर्ष तिचं मुख्य खाणं म्हणजे तांदळाचं पांढरं पीठ, बटाट्याचा स्टार्च, साखर, तेल, भात. डाळ आणि फळ कधीतरी. भाजी नावाला. अंडं नाही. शाळेतून आली की माझ्याजवळ मशीनपाशी बसायची, उन्हात फारशी गेली नाही.

म्हणजे औषधं देऊनही तिची तब्येत अशी आहे, हे खरं नाही. औषधं दिलीच नव्हती. तिच्या आतड्यात कदाचित दुसरं काहीही नसेल. ती फक्त उपाशी होती, धाकटे. पोटभर खाऊन उपाशी होती.

आता का, ते सांगते. त्याने काही बदलत नाही, पण तू विचारशील.

लोहाच्या औषधाने तिला शौचाला खडा व्हायला लागला. वर्षभर जुलाबाने हैराण झालेली पोर आता संडासात बसून रडायची, "मावशी, दुखतंय." दात काळे दिसायला लागले, शाळेत कोणीतरी चिडवलं. मला वाटलं, चार दिवस थांबू. चार दिवसांत ती खुलली. मग आणखी चार दिवस. डॉक्टरीणबाईंचा नंबर कागदावर होता. औषध बदलून द्या, मात्रा कमी करा, एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण विचारलं असतं तर बंद केल्याचं सांगावं लागलं असतं, आणि त्या बाईंनी माझ्या गहूबंदीचं इतकं कौतुक केलं होतं.

दुसरं म्हणजे गोळ्या. गोळी बांधायला स्टार्च वापरतात, असं मी कुठेतरी वाचलं. औषधवाल्याला विचारलं, "यात गव्हाचा स्टार्च आहे का?" तो म्हणाला, "मला काय माहीत, मावशी, मी काय आत शिरून बघितलंय?" मी तिथेच ठरवलं, नकोच. मला वाटलं मी जास्तच काळजी घेते आहे. खरं म्हणजे मला एक सबब मिळाली होती. सगळ्या बाटल्या कपाटात, अस्तराच्या कापडांमागे ठेवून दिल्या. टाकल्या असत्या तरी एक वेळ बरं, म्हणजे मी ठरवून काही केलं असं तरी झालं असतं. ठेवल्या, म्हणजे उद्यापासून देईन असं रोज वाटत राहिलं.

तू फोनवर विचारायचीस, "औषधं?" मी म्हणायचे, "चालू आहेत." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खोटं नव्हतं, बाटलीत थोडं शिल्लक होतं. पुढे ते तोंडात बसलं. तू तिकडे वृद्धांच्या निवासात आठवडाभर लोकांच्या आईबापांना उचलतेस, घास भरवतेस, दमून फोन करतेस. तुझं "बरं झालं" ऐकायला मला आवडायचं.

आता जे सांगणार आहे, ते मी स्वतःलाही आजवर नीट सांगितलेलं नाही.

मुलांचे कपडे शिवताना आपण आत जास्तीचं कापड, माया, सोडतो. पोर वाढते, तसं वर्षभरात एकदा तरी खालची दुमड उसवून झगा लांब करावा लागतो. हे मी तीस वर्षं करते आहे. रस्त्यात भेटलेल्या पोराकडे बघून मी सांगू शकते, याची पँट दोन महिन्यांत आखूड होणार. भिंगरीचा निळा झगा मी तिला सहावं लागलं तेव्हा शिवला. चार बोटं माया सोडली होती. साडेसात वर्षांची झाली, तरी ती दुमड मी एकदाही उसवली नाही. उसवायची वेळच आली नाही.

मला दिसलं होतं. एकदा इस्त्री करताना तो झगा हातात धरून मी चांगली पाच मिनिटं उभी होते. टेप गळ्यातच होती. तिला हाक मारून भिंतीला उभी केली असती, तर आकडा समोर आला असता. मी हाक मारली नाही. मनाशी म्हटलं, आपली आईही बुटकीच होती. आणि झगा घडी करून ठेवून दिला. तू आलीस त्याच्या आठ महिने आधीची गोष्ट आहे ही. त्या दिवशी मी मोजलं असतं, तर आठ महिने वाचले असते आणि बहुतेक तिचा हातही.

तू मला चुकीच्या गोष्टीसाठी शिव्या दिल्यास आणि मी त्या चुकीच्या गोष्टीआड लपले. गहू दिला नाही, गहू दिला नाही, असं ओरडत राहिले, कारण तेवढं एक माझ्याकडे खरं होतं. तुझी माफी वाचून परवा मला आधी काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. मग दुर्बिणीची तारीख वाचली, आणि तरीही मी ते गोड पत्र लिहिलं आणि टपालात टाकून आले. दोन दिवस अन्न गेलं नाही. तिला भूल देऊन टेबलावर आडवं करतील, ते माझ्या "चालू आहेत" या दोन शब्दांमुळे.

आता फोन लावते.

ताई


२४ जून

धाकटे,

फोनवर मी वाचायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला तू म्हणालीस, "थांब. पेन घेते." मला वाटलं होतं तू ओरडशील. तू तारखा विचारल्यास. "अडीच महिने म्हणजे कुठपर्यंत? थेंब रोज किती? शेवटचं दूध कधी?" वीस मिनिटं तू लिहून घेत होतीस आणि मागे किटली वाजत होती, ती बंद करायलाही तू उठली नाहीस. शेवटी म्हणालीस, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तू फोन ठेवलास. तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आता तुझं पत्र आलं आहे. डॉक्टरांनी अठ्ठावीस तारखेची दुर्बीण पुढे ढकलली. आधी तीन महिने औषधं आणि नीट खाणं, मग पुन्हा रक्त. आकडे वर आले तर दुर्बिणीची गरज नाही. 

बाकी जे लिहिलंस, तेही वाचलं. "तू गहू बघत बसलीस, ताई. पोर बघितलीच नाहीस." यावर मी काही उलट बोलणार नाही. "पुन्हा तिला तुझ्याकडे ठेवायचा विषयही काढू नकोस." काढणार नाही. "मी कोणाच्या भरवशावर गेले होते, याचा विचार केलास का?" रोज करते.

मागच्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, भिंगरीची जुनी कागदपत्रं तुला पाठवायची म्हणून. त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग मला आहाराच्या बाईंकडे पाठवलं. तीच खोली, जिथे मी दोनदा आले नव्हते. बाई तरुण आहेत, तोंडाने फटकळ. मी त्यांना माझा पाव सांगितला, कसा फुगवला, किती मऊ व्हायचा. त्या म्हणाल्या, "पाव चांगलाच असणार. पण त्यात होतं काय? गव्हाच्या पिठात थोडंफार लोह असतं, ब जीवनसत्त्वं असतात, कोंडा असतो. कित्येक ठिकाणी वरून घालतातही. तुम्ही गहू काढलात तेव्हा ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या जागी तुम्ही काय आणलं?"

मी म्हटलं, "स्टार्च."

"गहू काढणं म्हणजे अर्धं काम, मावशी. झिजलेलं आतडं भरून यायला माल लागतो. लोह, कॅल्शियम, झिंक, फॉलिक. तुम्ही गवंड्याला कामावर बोलावलंत आणि विटाच दिल्या नाहीत."

मी विचारलं, आता काय द्यायचं? त्या म्हणाल्या, बाजरी, राजगिरा, डाळी, तीळ, दाणे, अंडी, हिरव्या भाज्या, लोहाबरोबर लिंबू किंवा आंबट फळ, पचत असेल तर दही-दूध. औषध शाळा सुटल्यावर दिलं तरी चालतं, पोट दुखलं तर दुसरं औषध मिळतं. गोळीत ग्लुटेन आहे की नाही, ते कंपनीला विचारून त्या स्वतः सांगतात, तेच त्यांचं काम आहे. सगळं इतकं साधं होतं. मी लिहून आणलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्या घरात ते खायला घालायला कोणीच नाही. कागद सोबत पाठवते. तुला तिथे हे सगळं सांगितलंच असेल, तरी पाठवते.

ताई


२ ऑक्टोबर

धाकटे,

लोह वर आलं, ड जीवनसत्त्व वर आलं, दुर्बीण रद्द झाली, चार महिन्यांत दोन सेंटिमीटर उंची वाढली. तू आकडे लिहून पाठवलेस, मला कळवायलाच हवं असं काही नव्हतं. त्याबद्दल तुझे उपकार.

भिंगरीबद्दल तू जे लिहिलंस, ते मात्र मला सहन होत नाही. ती औषध घ्यायला आता एकदाही कुरकुर करत नाही, चमचा चाटूनपुसून घेते, आणि परवा तू शाबासकी दिलीस तर रडायला लागली आणि म्हणाली, "हात माझ्यामुळेच मोडला. मी औषध बेसिनमध्ये ओतायचे. म्हणून आई आणि मावशीचं भांडण झालं." पोर नऊ महिने हे पोटात घेऊन हिंडते आहे. तू तिला समजावलंस, पण ती म्हणते, "तुला माहीत नाही, तू तिथे नव्हतीस." आणि तू मला लिहिलंस, "तू होतीस. तू सांग."

सोबतचं तिच्यासाठी आहे. आधी तू वाच. काही गाळायचं असेल तर गाळ. माझ्यासाठी म्हणून मात्र काही गाळू नकोस.


भिंगरी,

तू आता स्वतः वाचतेस असं आईने कळवलं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

तू औषध बेसिनमध्ये ओतायचीस, ते मला माहीत होतं. मी मशीनवर बसले की तुला वाटायचं मावशीची पाठ आहे, पण समोरच्या आरशात मला मोरीचं दार दिसायचं. तू ओतलंस ते तीनदा. चौथ्यांदा तू चमचा तोंडाशी नेलास आणि मीच म्हणाले, "राहू दे आज." आठवतं? तू मला मिठी मारलीस. मला ती मिठी इतकी आवडली, की दुसऱ्या दिवशीही मी "राहू दे" म्हणाले. मग औषध बंदच झालं. तीन चमचे तू ओतलेस. बाकीच्या बाटल्या मी कपाटात ठेवल्या.

औषध लागतं हे तुला कळायचं वय नव्हतं. तुला दुखत होतं म्हणून तू ते टाकलंस, कोणीही टाकलं असतं. मला वाचता येत होतं. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला होता. तू सहा वर्षांची होतीस आणि मी एक्कावन्न.

हाडांना जे लागतं ते मी तुला दिलं नाही, म्हणून हात मोडला. आईला मी खोटं सांगितलं, म्हणून भांडण झालं. या दोन्हींत तू कुठेही नाहीस. आई तिथे नव्हती, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. मी होते. मी बघितलेलं सांगते आहे.

कोणी विचारलं, हात कसा मोडला, तर सरळ सांग, मावशीने औषध दिलं नव्हतं. असं सांगितलं तर मावशीला वाईट वाटेल, म्हणून थांबू नकोस. मला वाईट वाटेल ते माझं मी बघेन. तुला ते सांभाळायचं नाही.

मावशी